एका मॉर्मन सुइणीची रोजनिशी : घर आणि धर्म

इ. स. १८५२ मध्यें ह्यू फिंडले नांवाचा एक स्कॉच धर्मप्रचारक मुंबईस उतरला, व पुढें पुण्यासहि येऊन त्यानें आपल्या पंथाचा उपदेश केला. ज्यास लोक मॉर्मन म्हणतात तोच हा पंथ. फिंडलेच्या मागें जे थोडे लोक गेले ते बहुतेक युरोपियन. त्या काळीं आमच्या मातींत हें बीज रुजलें नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तिकडे अमेरिकेंत, यूटा प्रांतीं, पंथाच्या धुरीणांनीं अनेकपत्नीत्वाचा आपला सिद्धान्त जाहीर रीतीनें प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून मॉर्मन म्हटला कीं पुष्कळ बायकांचा दादला, एवढेंच चित्र जगाच्या डोळ्यांपुढें उभें राहूं लागलें. पंथानें ही चाल १८९० मध्यें जाहीरनामा काढून सोडली, व आज ती पाळणारास पंथाबाहेर काढण्यांत येतें. तरी तें चित्र पुसलें गेलेलें नाहीं.

या चित्राविषयीं दोन पक्षांचा वाद चालत आला आहे. एका पक्षाच्या मतें मॉर्मन घर म्हणजे स्त्रियांचा बंदिवास. दुसऱ्याच्या मतें तेथें सर्वत्र श्रद्धा, सहकार्य व समाधान नांदत होतें. दोन्ही पक्ष पुरावा आणतात तो प्रवचनांतून, कायद्यांतून अथवा उतारवयांत लिहिलेल्या आठवणींतून. वाद घराविषयीं, आणि घरांतला कागद मात्र कोणी प्रथम उघडीत नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकास खटकल्यावांचून राहत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका कागदाचा परिचय करून देण्याचा आमचा विचार आहे. तो कागद म्हणजे पॅटी बार्टलेट सेशन्स या सुइणीची रोजनिशी.

असे कागद या पंथांत विपुल आहेत, व त्यास कारणहि आहे. ६ एप्रिल १८३० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत पंथाची रीतसर स्थापना झाली, त्याच दिवशीं संस्थापक जोसेफ स्मिथ यास झालेल्या साक्षात्कारांत दफ्तर ठेवण्याची आज्ञा आहे. ज्या धर्माचा जन्म आणि ज्याच्या दफ्तराचा हुकूम एकाच दिवशींचा, अशीं उदाहरणें विरळा. कारकुनांनीं सभांचीं टांचणें ठेविलीं तीं ठेविलींच, पण गाडीवानांनीं, सुतारांनीं आणि बायकांनींहि वह्या लिहिल्या.

पॅटी बार्टलेट हिचा जन्म ४ फेब्रुवारी १७९५ रोजीं मेन संस्थानांतील बेथेल येथला. १८१२ मध्यें तिचें डेव्हिड सेशन्स याजशीं लग्न झालें. सासू संधिवातानें जखडलेली असल्यामुळें तिच्याऐवजीं एका अडलेल्या बाईकडे सुनेस जावें लागलें, आणि तेथून हिचा सुइणीचा धंदा सुरू झाला, असें घरचे लोक सांगत. तिचीं स्वतःचीं आठ मुलें. त्यांपैकीं पेरिग्रीन, सिल्व्हिया व डेव्हिड हीं तीनच वाढून मोठीं झालीं. १८३४ मध्यें तिनें मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली, नवऱ्यानें पुढील वर्षीं घेतली. १८३७ मध्यें हें कुटुंब मिसूरीस गेलें. तेथून पंथाची हकालपट्टी झाल्यावर मिसिसिपी नदीवरील नॉव्हू या नव्या शहरीं आलें. २७ जून १८४४ रोजीं जोसेफ स्मिथ यास जमावानें कार्थेजच्या तुरुंगांत ठार केलें, आणि १८४६ च्या फेब्रुवारींत नॉव्हूहि सोडण्याची पाळी आली.

रोजनिशी सुरू होते ती येथें. १० फेब्रुवारी १८४६ रोजीं मुलगी सिल्व्हिया हिनें आईस एक कोरी वही भेट दिली. मुलगी मागें राहणार होती, आई पश्चिमेस निघाली होती. पहिल्याच दिवशींची नोंद अशी कीं, सामान बांधून तयार आहे, आणि रिचर्ड्सच्या बायकोस मुलगी झाली. देशत्याग व बाळंतपण एका ओळींत. दोन दिवसांनीं नदी ओलांडली.

नोंदींची धाटणी एकदां ध्यानांत आली म्हणजे पुढें फारसें अडत नाहीं. हवा कशी होती, कोण भेटलें, काय शिवलें, धुतलें, रांधलें, कोणाचें काय येणें राहिलें, आणि अमक्याच्या बायकोस मुलगा अथवा मुलगी झाली. बाळंतिणीचें स्वतःचें नांव पुष्कळ ठिकाणीं येत नाहीं; ती 'अमक्याची बायको' असते. आमच्याकडील यादींतून 'अमक्याचें कबिले' असा उल्लेख येतो त्याची येथें आठवण होते. लिहिणारी बाई, जिच्याविषयीं लिहिलें तीहि बाई, तरी नांव दादल्याचें, हें नमूद करण्याजोगें आहे. तिनें आयुष्यांत एकंदर ३,९७७ बाळंतपणें केलीं, असा आंकडा सांगण्यांत येतो.

१८४६ च्या हिवाळ्यांत मॉर्मन लोकांचा तळ मिसूरी नदीच्या पश्चिम कांठीं, सांप्रतच्या नेब्रास्का संस्थानांत, पडला होता. थंडी, ताप व उपासमार यांनीं पुष्कळ माणसें दगावलीं. या तळावरील एका दिवसाची नोंद आमच्या विषयास फार उपयोगी आहे. ४ फेब्रुवारी १८४७, पॅटीबाईस बावन्न वर्षें पुरीं झालीं. मंडळींनीं थोडी ब्रँडी घेऊन परस्परांस आशीर्वाद चिंतिले. पंथांतील कवयित्री एलायझा स्नो ही संध्याकाळच्या मेळाव्याचें बोलावणें घेऊन आली. पॅटीबाई तिला म्हणाली, आज माझा वाढदिवस, मला आशीर्वाद दे. मेळाव्यास आलीस तर सगळ्याच देऊं, असें तिचें उत्तर. त्यावर पॅटीबाई आधीं जेम्स बुलक याच्या बायकोचें बाळंतपण उरकून आली, मग मेळाव्यास गेली. तेथें गाणें, प्रार्थना व दैवी संचारांत अपरिचित भाषा बोलणें चाललें होतें. मद्य वर्ज्य करण्याचा उपदेश पंथांत १८३३ पासून होता. तो सक्तीचा नियम होण्यास पुष्कळ काळ जावा लागला, हें ब्रँडीच्या या एका उल्लेखावरून नीट कळतें. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा मेळावा बायकांनीं बायकांसाठीं भरविलेला होता. एकमेकींच्या मस्तकीं हात ठेवून त्या आशीर्वाद देत, आजाऱ्यास तेल लावून प्रार्थना करीत. पॅटीबाई बाळंतिणीच्या खाटेपाशीं औषध, हात व प्रार्थना हीं तिन्ही साधनें वापरी, आणि लिहितांना त्यांत भेद करीत नसे.

आतां अनेकपत्नीत्वाचा प्रश्न. जाहीर घोषणेपूर्वींच आंतल्या मंडळींत ही चाल सुरू झाली होती. १८४५ च्या ऑक्टोबरांत डेव्हिड सेशन्स यानें रोझिला कोवन हिच्याशीं दुसरें लग्न केलें. पुढील वर्षीं उन्हाळ्यांत रोझिला तळावर येऊन पोंचली, आणि रोजनिशीचा सूर पालटला. एरव्हीं दोन ओळींत दिवस संपविणारी ही बाई आतां भांडणें लिहूं लागते. रोझिला घरकामास हात लावीत नाहीं. नवरा तिचें ऐकून कठोर बोलतो. रात्रीं झोंप नाहीं. रडें आवरत नाहीं. काळीज फुटेल असें वाटतें. त्याच ऑगस्टांत पॅटीबाई इतकी आजारी पडली कीं जगण्याची आशा राहिली नव्हती. डिसेंबरांत रोझिला नॉव्हूकडे परत गेली, व वही पुन्हा बाळंतपणांकडे वळली.

ही साक्ष एका सवतीची आहे हें विसरून चालणार नाहीं. रोझिलाचें म्हणणें आपणांपर्यंत येतें तें पॅटीबाईच्या लेखणींतून. परंतु याच महिन्यांतील नोंदी ओळीनें वाचल्या म्हणजे वर सांगितलेले दोन्ही पक्ष अपुरे पडतात. पॅटीबाईचें दुःख खरें आहे; तें झांकण्याचा तिनें यत्न केलेला नाहीं. तरी सिद्धान्तास दोष देणारी ओळ ती लिहीत नाहीं. तिची तक्रार नवऱ्याविषयीं आहे, चुलीविषयीं आहे, न केलेल्या कामाविषयीं आहे. श्रद्धा दृढ म्हणून दुःख कमी, असें येथें दिसत नाहीं. दुःख झालें म्हणून श्रद्धा ढळली, असेंहि दिसत नाहीं. दुसऱ्या लग्नास तिची संमति होती काय, असा प्रश्न आजचा वाचक विचारील. आमच्या मतें तिच्या वहींत संमति आणि नाराजी हे दोन निरनिराळे रकाने नाहींत.

१८४७ च्या जूनांत तळावरून निघून ही बावन्न वर्षांची बाई चार बैलांची गाडी स्वतः हांकीत सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत २४ सप्टेंबर रोजीं पोंचली. शेवटच्या डोंगरांतील कांहीं भाग सोडल्यास सारी वाट तिनेंच गाडी चालविली. कांहीं मोडलें नाहीं, गाडी उलटली नाहीं, हें तिनें समाधानानें लिहून ठेविलें आहे. तिसऱ्या दिवशीं लोरेन्झो यंग याच्या बायकोस तिच्या हातून मुलगा झाला. संतांच्या विश्रांतिस्थानांत जन्मणारा पहिला मुलगा तुझ्या हातीं येईल, असें भविष्य पांच महिन्यांपूर्वीं आपणांस सांगण्यांत आलें होतें, असें ती तेथें नमूद करते. मुलगी मात्र त्या खोऱ्यांत ऑगस्टांतच जन्मली होती. भविष्य मुलाविषयीं होतें, म्हणून तें अबाधित राहिलें.

यापुढील वह्या सॉल्ट लेकच्या संसाराच्या, आणि जमाखर्चाच्या दृष्टीनें आम्हांस त्या सर्वांत भरींव वाटतात. पॅटीबाईनें फळबाग लाविली. तिच्या नांवाचा आलुबुखार त्या प्रांतीं प्रसिद्ध झाला. फळें सुकविलीं, विकलीं. सूत कांतलें, विणलें, चिंध्यांचे गालिचे केले. उत्पन्नाचा दशांश पंथास दिला. गरीब श्रद्धाळूंस अमेरिकेस आणण्यासाठीं १८४९ मध्यें निघालेल्या निधींतहि भर घातली. १८६८ मध्यें पंथानें सहकारी पेढी काढली तेव्हां तिचे भाग घेतले. महिन्याचा पहिला गुरुवार उपासाचा असे, व वाचलेलें अन्न गरिबांकडे जाई. हे सारे तपशील बाळंतपणाची मजुरी आणि फळांचा भाव यांच्या शेजारींच सांपडतात. देवाचा दशांश व शेजाऱ्याकडील येणें एकाच शाईनें लिहिलेलें आहे.

१८५० मध्यें डेव्हिडनें आणखी एक लग्न केलें व त्याच वर्षीं ऑगस्टांत तो वारला. १४ डिसेंबर १८५१ रोजीं पॅटीबाईनें जॉन पॅरी याच्याशीं पुनर्विवाह केला. हा वेल्सचा गृहस्थ पंथाच्या प्रसिद्ध गायकवृंदाचा पहिला नायक. लग्नाच्या दिवशींच्या नोंदींत ती देवाचे आभार मानते ते एवढ्यासाठीं कीं, आतां लांकडें फोडून द्यावयास माणूस मिळाला. ही ओळ वाचून हंसूं येतें. पण सत्तावन्नाव्या वर्षीं, सहा सहा महिने बर्फ पडणाऱ्या मुलखांत, रात्रीं अपरात्रीं बाळंतिणीकडून घरीं परतणाऱ्या बाईस फोडलेल्या लांकडाचें मोल काय, तें तीच जाणे. १८५४ मध्यें पॅरीनेंहि दुसरी बायको केली.

या वह्यांतून १८४६ ते १८८८ पर्यंतच्या नोंदी डोना टोलंड स्मार्ट यांनीं संपादून १९९७ मध्यें यूटा संस्थानाच्या विद्यापीठामार्फत छापल्या. मूळ वह्या सॉल्ट लेक येथें पंथाच्या दफ्तरखान्यांत आहेत. समग्र छपाईचें महत्त्व आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. कोणी 'धार्मिक नोंदी' वेगळ्या काढल्या असत्या तर पॅटीबाई साध्वी ठरली असती. सवतीच्या नोंदी वेगळ्या काढल्या असत्या तर पीडित. मजुरीच्या काढल्या असत्या तर चतुर व्यापारी. निवडक कागद छापण्याची रीत आपल्याकडेहि रूढ आहे, आणि जागेच्या व पैशाच्या अभावीं ती क्षम्यहि आहे. परंतु बाजूस ठेविलेल्या रुमालांत सुइणीस दिलेलें लुगडें आणि देवास वाहिलेला नारळ एकाच यादींत असले, तर ती यादी फोडूं नये असें आमचें मत आहे.

शेवटीं एका नोंदीविषयीं लिहून हा लेख पुरा करतों. मॉर्मन मतांत विवाहास 'शिक्का' ही संज्ञा आहे. कांहीं विवाह इहलोकापुरते, कांहीं अनंतकाळासाठीं शिक्कामोर्तब झालेले. नॉव्हू सोडून बरींच वर्षें लोटल्यावर पॅटीबाईनें आपल्या वहींत एक मजकूर दाखल केला : ९ मार्च १८४२ रोजीं, न्यूवेल व्हिटनीच्या खोलींत, विलर्ड रिचर्ड्स याच्या हातून, जोसेफ स्मिथ याच्याशीं आपला अनंतकाळासाठीं शिक्का झाला, व त्या वेळीं मुलगी सिल्व्हिया हजर होती. त्या दिवशीं डेव्हिड सेशन्स हयात होता, व पुढें आठ वर्षें ती त्याच्याच घरीं नांदली. जॉन पॅरीशीं २७ मार्च १८५२ रोजीं झालेला शिक्का मात्र इहलोकापुरता, असेंहि तिनें तेथेंच लिहिलें आहे. मिति, स्थळ, विधि करणारा, साक्षीदार आणि मुदत हीं पांचहि अंगें पुरीं असलेला हा मजकूर म्हणजे एक रीतसर दस्तऐवजच होय. भावनेचा एक शब्द त्यांत नाहीं. पॅरी १८६८ मध्यें वारला. पॅटीबाई पुढें मुलाच्या शेजारीं बाउंटिफुल येथें राहावयास गेली, तेथें नातवंडांसाठीं व गरिबांच्या मुलांसाठीं स्वतःच्या पैशानें शाळा बांधली, मोजे विणले, आणि विणलेल्या मोज्यांची संख्या वहींत लिहीत राहिली. ती १४ डिसेंबर १८९२ रोजीं वारली.