डिस्कोच्या ठेक्यावर भैरव

इथे ऑकलंडमध्ये मी हौसेने एक स्वस्तातला ॲनालॉग सिंथेसायझर घेतला. रोलंडच्या टीबी-३०३ ची नक्कल! मूळ यंत्र १९८१ चं, बास गिटारऐवजी वाजवायला काढलेलं. पण आवाज गिटारसारखा वाटेना, म्हणून १९८४ मध्ये बंद झालं. मात्र त्यात सूर सुरावर घसरत नेता येतो, म्हणजे आपली मींडच की!

हिंदी चित्रपटांत वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हे आणि रोलंडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'ॲसिड हाऊस'ने याच यंत्राला नाव मिळवून दिलं. सिंगसाहेबांना जगाची दाद मिळाली ती २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर, सत्तरीत! २०१५ मध्ये ते गेले.

मंडळी, यंदा दिवाळी पहाटेला त्यांचा भैरव जरूर ऐका.