‘फ्रिलुफ्त्सलिव्ह’ : एका नॉर्वेजियन समासाची व्युत्पत्ती

नॉर्वेच्या राष्ट्रीय स्वभावाचे लक्षण म्हणून ‘फ्रिलुफ्त्सलिव्ह’ हा शब्द वारंवार पुढे केला जातो. निसर्गात, उघड्यावर व्यतीत केलेले जीवन हा त्याचा रूढ अर्थ होय. ‘फ्री’ (मोकळा) आणि ‘लुफ्त’ (हवा) यांचा कर्मधारय होऊन त्या पदाचा ‘लिव्ह’शी (जीवन) षष्ठी तत्पुरुष झाला आहे. मधला ‘स’ हा मूळचा षष्ठीचा प्रत्यय. तो समासातही टिकून राहिल्याने संस्कृतातील अलुक् समासाचे स्मरण होते.

घटकांचा इतिहास मात्र या राष्ट्रीयत्वाला दुजोरा देत नाही. प्राचीन नॉर्समध्ये ‘मुक्त’ या अर्थी ‘फ्र्याल्स’ हा शब्द होता; ‘लोफ्त’ हा शब्द हवा आणि माडी अशा दोन्ही अर्थी चाले. चौदाव्या शतकात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी बेर्गेन येथे वखार स्थापिली. या संपर्कातून आणि पुढे लेखनभाषा झालेल्या डॅनिशमधून निम्न जर्मन शब्द नॉर्वेत रुजले. ‘फ्री’ व ‘लुफ्त’ हे त्यांपैकीच. देशी ‘लोफ्त’ माडीपुरता उरला. प्राचीन नॉर्समधून थेट आला तो केवळ ‘लिव्ह’. त्याही मागे गेल्यास ‘फ्री’ संस्कृत ‘प्रिय’शी, तर ‘लिव्ह’ हा ‘लिप्’ धातूशी, म्हणजेच मराठी ‘लिंपणे’शी सगोत्र ठरतो : चिकटून राहणे, टिकणे, जगणे.

या सामासिक शब्दाचा आरंभीचा वापर म्हणून हेन्रिक इब्सेन यांच्या १८५९ मधील ‘पॉ व्हिदर्ने’ (‘पठारांवर’) या कवितेकडे सहसा निर्देश केला जातो. तेथे तो येतो ओसाड डोंगरी कुटीच्या वर्णनात, आणि मोकळी हवा लाभते ती नायकाच्या विचारांना. अर्थाचा रोख पुढे देहाकडे, भटकंतीकडे वळला. १९५७ च्या ‘फ्रिलुफ्त्सलोव्ह’ या कायद्याने तर बिगरशेती मोकळ्या भूमीवरील सर्वांच्या संचाराचा जुना रूढ हक्क लेखनिविष्ट केला.

नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कशी आणि नंतर १९०५ पर्यंत स्वीडनशी जोडलेला होता. याच काळात ईवार ओसेन यांनी बोलींच्या आधारे, डॅनिश-जर्मन शब्द शक्यतो टाळून, स्वतंत्र लेखनभाषा घडविली. त्या निकषावर ‘फ्रिलुफ्त्सलिव्ह’ परका ठरावा. परंतु ओसेन यांच्या भाषेतून विकसित झालेल्या नीनॉर्स्कनेही तो स्वीकारला आहे. शब्दाचे देशीपण केवळ त्याच्या उगमावरून ठरत नाही, तर समाजाने त्याला दिलेल्या अर्थावरूनही ठरते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.