नव्या घराचे कुंपण : काटीपासून तारेपर्यंत



फाल्गुन लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत दोन गोष्टी हटकून घडतात. ज्यांचे घर बांधायला काढलेले असते ते गिलाव्याची घाई करतात, कारण मृगाच्या आत राहायला जायचे असते. आणि होळीच्या आदल्या रात्री कुणाचे तरी कुंपण नाहीसे होते. यंदा दिग्रस भागातल्या एका गावी गेलो होतो. घरकुलाचे नवे घर, भिंतीला अजून चुना नाही, आणि ओट्यावर आजी कपाळाला हात लावून बसलेल्या. म्हणाल्या, "साहेब, पोट्ट्यायनं होळीले माही सारी कुपाटी नेली. आता सांगा, पुन्हा काट्या आणू का तार घेऊ?"

प्रश्न साधा दिसतो, पण नाही. कुंपण एकदा घातले की ते आपल्यापुरते राहत नाही. आपल्या वाडवडिलांनी, सरकारने आणि परदेशातल्या शेतकऱ्यांनी कुंपणाचे जे जे प्रयोग केले त्यांचा इतिहास पाहिला, तर ही गोष्ट वारंवार दिसते. आकाशवाणीच्या कार्यक्रमात एवढे सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून ते या पत्रिकेत देत आहे.

जुन्या गावठाणात कुंपणाची फारशी गरज नव्हती. घराला घर लागून, मातीची भिंत सामाईक, पुढे ओटा, मागे थोडी वाडी. वाडीपुरती कुपाटी घातली की काम भागत असे. आता तसे राहिले नाही. घरकुले गावाबाहेर मोकळ्या जागेवर होतात. बेंबळा प्रकल्पात उठलेली बाभूळगावकडची गावे पाहा. नव्या गावठाणात प्रत्येकाला मोजून भूखंड मिळाला, म्हणजे चारही बाजू उघड्या. तेथे शेळी येते, गाय येते, रात्री डुकरे येतात. पहिल्या वर्षी लावलेला शेवगा आणि कढीपत्ता दुसऱ्या वर्षी दिसत नाही.

वाळल्या काटीचे कुंपण सर्वांत जुने. बोर, बाभूळ, हिवर यांच्या फांद्या तोडायच्या, बुडखे एका बाजूला करून रचायच्या आणि दुबेळक्या लाकडाने दाबत जायच्या. पैसा लागत नाही, अंगमेहनत लागते. पण हिशेब करा. उन्हाळ्यात काटी वाळते, पावसाळ्यात कुजते, खालून वाळवी लागते आणि उरलेली होळीत जाते. दरवर्षी नवी तोड. म्हणून गावाजवळची बोर-बाभूळ कुंपणापायी आणि चुलीपायी संपली.

हीच अडचण एकदा खुद्द इंग्रज सरकारला आली होती. त्या काळी मिठावर भारी कर होता. राजपुतान्याकडचे स्वस्त मीठ चोरून इकडे येऊ नये म्हणून सरकारने वायव्येकडच्या सिंधू नदीपासून खाली मध्य हिंदुस्थानापर्यंत जकातीची एक रेषाच आखली. सन १८७० च्या सुमारास ती दोन हजार मैलांहून लांब होती आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्याला होती. ती आपल्या वऱ्हाडच्या शेजारी बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन पुढे पूर्वेकडे वळत असे. आरंभी या रेषेवर वाळल्या काट्या रचल्या जात. वाळवी लागे, वणवा लागे, वादळात उडून जाई. आजींची तक्रार आणि सरकारची तक्रार एकच! (होळीचा उल्लेख मात्र सरकारी कागदात आहे की नाही, मला ठाऊक नाही.)

सन १८६७ ते १८७० या काळात जकात खात्याचे प्रमुख ॲलन ह्यूम होते. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला तेच हे ह्यूम. त्यांनी ठरवले की मेलेल्या काट्या रचत बसण्यापेक्षा जिवंत कुंपण वाढवावे. कोणत्या मातीत कोणते झाड टिकते याचे प्रयोग झाले. बोर, बाभूळ, करवंद आणि थोर लावले, जेथे काहीच येईना तेथे निवडुंग. जमीन हलकी असेल तेथे चर खणून चांगली माती भरली, पाणी साचत असेल तेथे मातीचा वरंबा करून त्यावर रोपे लावली. १८७८ पर्यंत चारशे मैलांहून अधिक लांबीचे पक्के हिरवे कुंपण तयार झाले. चांगल्या ठिकाणी ते दहा ते चौदा फूट उंच होते. पुढे १८७९ साली जकातीची ती रेषा सरकारनेच मोडली आणि कुंपण कुणाला नको झाले. ते गरिबाच्या ताटातले मीठ महाग करण्यासाठी उभारले होते, हे विसरून चालणार नाही. तरी लागवडीचा धडा घेण्याजोगा आहे : आधी माती पाहा, मग झाड निवडा, चर खणा, वरंबा करा.

आता निवडुंगाची गोष्ट. हे झाड आपले नव्हे, अमेरिका खंडातले. त्याच्यावर कोचिनील नावाचा बारीक किडा पोसतो आणि त्या किड्यापासून किरमिजी रंग निघतो. या रंगाच्या व्यापारात स्पेनवाल्यांची मक्तेदारी होती. ती मोडावी म्हणून १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलहून तो किडा कलकत्त्याला आणला. पण आला तो हलक्या जातीचा. रंग बेताचाच निघाला, मात्र त्याने उत्तर व मध्य हिंदुस्थानातल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. दक्षिणेत दुसऱ्या जातीचा निवडुंग होता. तो कुंपणावरून शेतात, शेतातून गायरानात असा पसरत गेला. शेवटी १९२६ साली श्रीलंकेतून दुसरा किडा आणून सोडावा लागला, तेव्हा कोठे जमिनी मोकळ्या झाल्या. कुंपणाला लावलेले झाड काढायला सातासमुद्रापलीकडचा किडा लागला, असा हा प्रकार.

यातून शहाणपण आले म्हणावे, तर तसेही नाही. घाणेरी १८०७ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. फुले रंगीत, शेळी तोंड लावत नाही, म्हणून शोभेच्या कुंपणासाठी ती हातोहात गेली. पाखरांनी फळे खाऊन बी जंगलात नेले. आज आपल्या जिल्ह्यातल्या सागाच्या जंगलात घाणेरीची जाळी किती माजली आहे ते गुराख्यांना विचारा. गवत नाही, चारा नाही, आणि जाळीत काय बसले आहे ते दिसत नाही. विलायती बाभूळ १८७७ च्या सुमारास आली, तिचीही तीच कथा.

आणि बेशरम! तिचे नाव आपल्या लोकांनी अगदी अचूक ठेवले आहे. दक्षिण अमेरिकेतले हे झाड. फांदी खोचली की लागते, पाणी असो वा नसो. म्हणूनच गावोगाव वाडीला बेशरमीचे कुंपण दिसते. पण चाऱ्याची टंचाई आली की शेळ्या तिला तोंड लावतात, आणि एकदा लावले की त्यांना चटक लागते. मग शेळी खंगते, पाय लटपटतात, मान थरथरते आणि शेवटी दगावते. शिवाय ती नाल्यात उतरून पाणी अडवते ते वेगळेच. आपल्या घरी शेळ्या नसल्या तरी शेजाऱ्याच्या असतात. नव्या घराला बेशरम लावू नका, एवढे माझे स्पष्ट मत आहे.

काटेरी तार आली ती अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतातून. तिकडेही आपल्यासारखी काळी सपाट जमीन, लाकूड दूर, दगड दूर. तेथले शेतकरी आधी काटेरी झाडांचीच कुंपणे लावीत. पण झाड वाढायला तीन-चार वर्षे लागतात, आणि जनावर तेवढे थांबत नाही. जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने दोन तारांच्या पिळात काटा पक्का बसवण्याची युक्ती काढली आणि २४ नोव्हेंबर १८७४ रोजी तिचे पेटंट त्याला मिळाले. तार गेली तेथे पूर्वीचे मोकळे चराईचे रान तुकड्या-तुकड्यांत बांधले गेले आणि मोठे तंटे झाले.

आपल्याकडे वाट निराळी होती. वऱ्हाडात १८६१ पासून मुंबई पद्धतीने मोजणी सुरू झाली. हद्द म्हणजे दगड आणि धुरा, शेताला कुंपण हवेच असे नव्हते. दुसऱ्याचे जनावर शिरले तर त्याला कोंडवाड्यात घालायचे, त्यासाठी १८७१ चा कायदा झाला. म्हणजे जनावर आवरण्याची जबाबदारी मालकाची. आजही कोणाची गाय वाडीत आली तर कायदा तेच सांगतो. पण शेजाऱ्याची गाय कोंडवाड्यात नेणारा माणूस गावात किती दिवस सुखाने राहील? म्हणून कुंपण घातलेले बरे.

येथे कापूसवाल्यांसाठी एक जरुरीची सूचना. पुष्कळ घरी फाल्गुनात पऱ्हाट्या उपटून त्यांचाच कूड वाडीला घालतात. वस्तू घरची आणि फुकट, हे खरे. पण झाडावर राहिलेल्या कवडी बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते. या अळीची पहिली शास्त्रीय नोंदच आपल्या देशातली, १८४२ साली भडोचच्या कपाशीवर तिने केलेल्या नुकसानीवरून झालेली. २०१७ साली तिने आपल्या जिल्ह्यात काय केले आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे सांगायला नको. पऱ्हाटीचा कूड म्हणजे पुढच्या हंगामाची अळी दारात सांभाळणे. कूड घालायचाच असेल तर तुरीच्या तुराट्या वापरा. पऱ्हाटीचे कंपोस्ट करा किंवा यंत्राने बारीक करून शेतात मिसळा.

दुसरी सूचना त्याहून गंभीर. डुकरे येतात म्हणून काही जण तारेत घरातली वीज सोडतात. असे कदापि करू नये. घरच्या विजेने डुकराआधी माणूस मरतो. रात्री पाणी ओलायला निघालेला शेजारी किंवा आपलेच लेकरू त्यात सापडते, आणि तारेचा मालक तुरुंगात जातो. सौर कुंपणाचे झटका यंत्र वेगळे असते. त्यात क्षणभराचा ठोका येतो आणि थांबतो, म्हणून जनावर हटते पण मरत नाही. ते यंत्र चांगल्या बनावटीचे असावे आणि घरच्या विजेची तार त्याच्या कुंपणाला थेट कधीही जोडू नये.

आजींना मी काय सांगितले ते आता सांगतो. पण आधी माझी फजिती. मी स्वतः बी.एस्सी. कृषी, लोकांना सल्ला देणारा. चार वर्षांपूर्वी घर बांधले तेव्हा चैत्रात खांब रोवले. काळी जमीन भेगाळलेली होती, दीड फुटाचा खड्डा पुरे वाटला, आणि त्यात उकरलेली तीच काळी माती दाबली. श्रावणात जमीन फुगली. भाद्रपदात पाहतो तर खांब एकमेकांकडे झुकून जणू गप्पा मारीत होते! आमच्या बाबांनी एवढेच विचारले, "हे कॉलेजात शिकवतात काय रे?"

तेव्हा खांब काळ्या जमिनीत अडीच फूट खोल घाला आणि खड्ड्यात काळी माती न भरता मुरूम व दगडांची खडी धुमसाने ठोकून भरा. सागाची बल्ली असेल तर बुडखा जमिनीच्या वर एक वीत येईपर्यंत डांबराने माखा, आणि बल्ली परवान्याची घ्या. दोन खांबांत आठ ते दहा फूट अंतर ठेवा. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू द्या, कारण तारेची सारी ओढ त्यावर येते. शेळ्या असतील तर खालच्या तीन तारा जवळ-जवळ ओढा. रस्त्याच्या बाजूला मात्र काटेरी तार नको. तेथे लेकरे खेळतात. तुराट्यांचा कूड किंवा बांबूचा तट्टा बांधा.

ही तार दोन-तीन वर्षांपुरती समजा. तिच्या आतून आत्ताच, जमीन कोरडी असताना, दीड फूट रुंद चर खणून ठेवा आणि शेणखत टाका. मृगाचा पाऊस चांगला झाला की वरंब्यावर रोपे लावा. पुढच्या बाजूला मेंदी, दोन ओळींत, दीड-दीड फुटावर. गुरे तिला सहसा खात नाहीत, छाटली की दाट होते, आणि लेकीबाळींना पाला मिळतो. मागच्या बाजूला करवंद. त्याचे बी शिळे झाले की उगवत नाही, म्हणून ज्येष्ठात पिकलेली फळे आणून लगेच पिशव्यांत टाका आणि रोपे पुढच्या पावसाळ्यात लावा. अगदी वाईट जागा असेल तर सागरगोटी, पण तिची वेल आवरायला दरवर्षी कोयता लागेल. एवढी सोय नसेल तर गिरिपुष्पाची चार फुटी खुंटे पावसाळ्यात रोवा. त्यांचा पाला खताला होतो.

रोवण्याआधी हद्द पक्की करा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर लिहिलेली लांबी-रुंदी टेपने मोजा. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. गावाची मिळकत पत्रिका आली असेल तर तिच्याशी ताडून पाहा. शेजाऱ्याला बोलावून त्याच्या देखत दोरी धरा. पलीकडे ई-क्लासची मोकळी जागा असेल तर "कोण विचारतो" म्हणून कुंपण हातभर सरकवू नका. जिवंत कुंपण रुंदीला वाढते, म्हणून उलट ते आपल्याच बाजूला हातभर आत घ्या.

आजींनी हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तार पोट्टे नेत नाहीत ना होळीले?" नाही म्हटले. फाटक केवढे ठेवू, तेही त्यांनी विचारले. बैलगाडी यायची असेल तर दहा फूट, ट्रॅक्टरची ट्रॉली वळायची असेल तर बारा. आजींच्या घरी दोन्ही नाही, पण नातू यंदा भाड्याने ट्रॅक्टर चालवतो. म्हणून बारा फुटांवर खुणेचे दोन दगड आम्ही तेव्हाच ठेवले.