संगणक पुन्हा केव्हा सुरू करावा?

संगणकात सॉफ्टवेअरची सुधारणा उतरली की पडद्यावर सूचना येते : 'पुन्हा सुरू करा'. अमरावती-अकोल्याकडच्या शाळांत निकालपत्रके भरण्याची घाई असली, की आपण 'नंतर' म्हणून मोकळे होतो. हे 'नंतर' म्हणजे नेमके केव्हा, याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात सापडते.

मुळात पुन्हा सुरू का करावे लागते? चालू प्रोग्रॅमची प्रत संगणकाच्या मेमरीत असते. डिस्कवरची फाइल बदलली तरी मेमरीतली जुनी प्रतच काम करीत राहते. शिवाय विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल सहसा बदलता येत नाही. म्हणजे औषध घरात आले, पण पोटात गेले नाही!

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भोक बुजवणारी सुधारणा प्रसिद्ध केली. बरोबर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच भोकातून 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्रॅम शिरला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले. सुधारणा लागू केलेले संगणक त्यातून वाचले.

२७ जूनला 'नॉटपेट्या' आला. तेच भोक आणि चोरलेले पासवर्ड वापरून तो पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंपनीला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. विशेष म्हणजे, 'नॉटपेट्या'चा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारणेतच होता!

घाईचाही धोका असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची सदोष सुधारणा एकाच वेळी जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यातून काय घ्यावे? सुधारणा सदोष असेल, तर ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत कळते. विलंबाचा धोका मात्र रोज वाढतो. म्हणून शाळेत आधी एकच संगणक पुन्हा सुरू करून दिवसभर वापरून पाहावा, मग त्याच आठवड्यात बाकीचे. हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल, तर त्याच दिवशी. काम जतन केलेले असावे, निकालपत्रकांची एक प्रत वेगळी ठेवलेली असावी आणि वीज जाण्याची वेळ टाळावी. 'नंतर' म्हणायला हरकत नाही. फक्त त्यापुढे वार लिहावा.