दोन मात्रांचे औषध

आईला एचआयव्हीची लागण झालेली असेल तर बाळाला ती होतेच, असे पुष्कळांना वाटते. वर्गात विचारून पाहा, बहुतेक मुले असेच सांगतील. प्रत्यक्षात कोणताही उपचार झाला नाही तरी शंभरांपैकी साधारण १५ ते ४५ बाळांनाच लागण होते: काहींना पोटात असताना, बऱ्याच जणांना जन्माच्या वेळी आणि उरलेल्यांना अंगावरच्या दुधातून. या तीन वाटा अडवण्याचा इतिहास फार जुना नाही.

१९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गरोदर बाईला दिवसातून पाच वेळा एझेडटी हे औषध, प्रसूतीच्या वेळी तेच शिरेतून आणि नंतर बाळाला सहा आठवडे. लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर आले. पण खर्च एका बाईमागे आठशे ते हजार डॉलर! शिवाय या माता बाळाला अंगावर पाजत नव्हत्या. ज्या देशांत सर्वाधिक बाळे बाधित होत होती, तिथे यातले काहीच जमण्यासारखे नव्हते.

मग गरीब देशांत कमी दिवसांच्या, स्वस्त उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांत काही बायकांना औषध नसलेली गोळी दिली जात होती. १९९७ साली त्यावरून मोठा वाद पेटला. गुणकारी औषध माहीत असताना असे करावे काय? आम्हा संशोधकांना तुलनेसाठी असा गट सोयीचा वाटतो, हे खरे. पण ज्या बाईचे बाळ त्या गटात जन्मले तिला ही सोय कशी समजावणार? १९९८ मध्ये थायलंडमध्ये शेवटच्या चार आठवड्यांच्या एझेडटीने लागण निम्म्यावर आली आणि अशा गोळीचे कारणच उरले नाही.

१९९९ साली युगांडातल्या कंपाला शहरी, मुलागो रुग्णालयात, आणखी साधा उपाय सापडला. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला एक मात्रा. खर्च सुमारे चार डॉलर. चौदा ते सोळा आठवड्यांनी पाहिले तेव्हा अल्पकाळ एझेडटी दिलेल्या गटात २५.१ टक्के बाळे बाधित होती, नेव्हिरापिनच्या गटात १३.१ टक्के; आणि बहुतेक सगळी अंगावर पीत होती. हे औषध वारेतून चटकन बाळाकडे जाते आणि शरीरात टिकते. आईच्या रक्तातले निम्मे औषध जायलाच दोन दिवसांहून अधिक लागतात.

मात्र गुण तोच, दोषही तोच. औषध हळूहळू ओसरत असताना थोड्या मात्रेला दाद न देणारे विषाणू तेवढे वाढतात. पुढे सहा महिन्यांच्या आत याच औषधावर आधारलेला उपचार आईला सुरू केला तर तो अनेकदा फसतो, हे २००७ साली बोट्स्वानातल्या अभ्यासाने दाखवले. बाळ वाचवताना आईच्या उपचाराचा विचार मागे पडला होता, असे आम्हाला वाटते.

दक्षिण आफ्रिकेत तर ही गोळीही सहज मिळेना. सरकारने ती प्रत्येक प्रांतातल्या दोनच ठिकाणी देऊ केली होती. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना न्यायालयात गेली आणि जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयाने हे बंधन उठवायला लावले.

दुधाचा प्रश्न सर्वांत अवघड. वरचे दूध द्यावे, तर पाणी स्वच्छ हवे. बोट्स्वानात सरकार दुधाची भुकटी फुकट देत होते. २००६ च्या अतिवृष्टीनंतर जुलाबाची साथ आली आणि तीत अंगावर न पिणारी बाळेच अधिक दगावली. त्याआधी १९९९ साली डर्बनमधील संशोधकांना वेगळेच दिसले होते: निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही घेणाऱ्यांत लागण अधिक होती. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला: औषध चालू ठेवून आईने बाळाला पाजायला हरकत नाही.

२०११ मध्ये मलावीने पुढचे पाऊल टाकले. कोणत्या आईला उपचार हवा हे ठरवणारी, रक्तातल्या पेशी मोजणारी यंत्रे खेड्यांत नव्हती. तेव्हा त्यांनी मोजणेच सोडले आणि लागण झालेल्या प्रत्येक गरोदर बाईला तीन औषधांची एक गोळी, रोज, जन्मभर द्यायला सुरुवात केली. पुढे दोन वर्षांनी जागतिक संघटनेनेही हीच पद्धत स्वीकारली.