शिफारशीचा अलिखित इतिहास

मराठी कादंबरीच्या ग्रहणाचा इतिहास प्रामुख्याने छापील परीक्षणांवरून रचला जातो. ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. लेखक भालचंद्र नेमाडे खानदेशातील सांगवीचे, नायक पांडुरंगही सांगवीकरच. मात्र जळगाव-धुळ्याच्या वाचकापर्यंत अशी कादंबरी कोणाच्या शब्दावर पोचली, हे परीक्षणांतून कळत नाही. येथे पुस्तकाचे दुकान बव्हंशी क्रमिक पुस्तकांवर चालते. नवी कादंबरी सुचविणे ही विक्रेत्याची हौस, व्यवसाय नव्हे. साहजिकच ते काम वाचनालयाच्या देवघेव खिडकीकडे येते. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७चे. सभासदाची आवड ओळखून नवे पुस्तक बाजूला काढून ठेवणारा कर्मचारी अभिरुची घडवीत असतो. समीक्षेने त्याला समीक्षक मानलेले नाही, एवढेच. १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाने वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. पुढे खरेदीवर शासनमान्य यादीचीही छाया पडली. यादी ग्रंथ ठरविते, वाचक नव्हे. त्यामुळे ग्रहणाच्या अभ्यासकाला देवघेवीच्या नोंदवह्या पाहाव्या लागतील. त्यांतही पुस्तक कोणी नेले आणि केव्हा परत केले, एवढेच आढळेल. “हे वाचून पाहा” असे कोण म्हणाले, त्यासाठी वहीत रकाना नसतो.