तेरच्या जुन्या वास्तूंना हात लावायचा तर परवानगी कोणाची?

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून तगरचा उल्लेख येतो. ते तगर म्हणजे आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी येथे पाहणी केली आणि गावातील त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत नोंदवले. पुढच्या काळातील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने असलेल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातील मृण्मूर्ती, मणी, नाणी आणि हस्तिदंती वस्तू आजही पाहता येतात.

आपल्या चळवळीत तेरचा उल्लेख अभिमानाने होतो, पण हा वारसा कागदावर कोणत्या कायद्याने टिकतो याची माहिती फार थोड्या कार्यकर्त्यांना असते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

पुरावा वास्तूतच आहे

त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग अर्धगोल आहे. त्यावर विटांचे कमानदार लांबट छत असून दर्शनी बाजूला चैत्यगवाक्षासारखी रचना आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर याच धाटणीचे असल्याने अभ्यासक दोन्ही वास्तूंचा उल्लेख जोडीने करतात. काळाबद्दल मतभेद आहेत, पण ही बांधणी चैत्यगृहाची आहे हे सांगणारी साक्ष म्हणजे तो आराखडा, त्या विटा आणि ते छत.

यातच धोकाही आहे. कोणी वाईट हेतूने काही पाडले तरच नुकसान होते असे नाही. भाविकांनी श्रद्धेने केलेला सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट, फरशी, पत्र्याचा सभामंडप यांनीही पुरावा झाकला जातो. शिवाय सिमेंटमुळे जुन्या विटेतील ओल बाहेर पडत नाही, क्षार साचतात आणि वीट आतून भुगा होऊ लागते. एकदा बदललेली वास्तू न्यायालयाच्या आदेशानेही पूर्वीसारखी होत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीची परवानगी हाच खरा टप्पा आहे.

आधी वास्तू कोणत्या यादीत आहे ते पाहा

परवानगी कोण देणार, हे वास्तूच्या दर्जावरून ठरते. ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

१. केंद्र संरक्षित स्मारक. याला १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. देखरेख भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची असते. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाला मनाई आहे. तेथे १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल तर त्याच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. विनियमित क्षेत्रात बांधकाम, पुनर्बांधकाम आणि दुरुस्ती या सर्वांसाठी अर्ज लागतो. सक्षम प्राधिकारी हा अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

२. राज्य संरक्षित स्मारक. तेरचे त्रिविक्रम मंदिर या प्रकारात मोडते. याला महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र अधिनियम लागू होतो आणि जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची असते. संरक्षित हद्दीत बांधकाम किंवा खोदकाम करायचे तर शासनाची परवानगी लागते. हा नियम मालक, पुजारी, देवस्थान समिती, ग्रामपंचायत अशा सर्वांना सारखाच आहे. येथे एक गल्लत नेहमी होते. १०० आणि २०० मीटरचा नियम केंद्रीय कायद्यातला आहे. तो राज्य संरक्षित स्मारकाला आपोआप लागू होत नाही. निवेदनात चुकीचे कलम टाकले की कार्यालयाला ते निवेदन बाजूला ठेवायला सोपे जाते.

३. वारसा यादीतील वास्तू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये वारसा इमारत आणि वारसा परिसर यांची तरतूद आहे. वारसा इमारतीतील ठळक बदल आणि कोणत्याही इमारतीचे पाडकाम हे या कायद्याच्या व्याख्येत 'विकास' या शब्दातच येते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली असून इमारतींना श्रेणी १, २ आणि ३ दिल्या जातात. राज्याच्या इतर बहुतांश भागासाठी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. यादीतील इमारतीचा बदल किंवा पाडकाम वारसा समितीच्या सल्ल्याशिवाय मंजूर होऊ नये, अशी ही रचना आहे.

४. कोणत्याच यादीत नसलेली वास्तू. जुना वाडा, बारव, वेशीचा बुरूज, शेतात पडलेले शिल्प यांतले बरेच काही या प्रकारात येते आणि सर्वांत आधी नष्टही होते. गावठाणात नवे बांधकाम किंवा पुनर्बांधकाम करताना ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते, पण ती देताना वास्तूचे वय सहसा कोणी विचारत नाही. अशा वास्तूसाठी खरा उपाय म्हणजे संरक्षणाचा प्रस्ताव. राज्य शासन आधी प्राथमिक अधिसूचना काढते, दोन महिन्यांत हरकती मागवते आणि मग अंतिम निर्णय घेते. प्रस्तावासोबत गट क्रमांक, सातबारा, नकाशा, छायाचित्रे आणि ग्रामसभेचा ठराव जोडला तर तो भक्कम होतो. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. आपली दहा-वीस मुले-मुली तयारीने बसली तरी ठराव मांडता येतो.

पांढरीची मातीही वारसाच

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. घर सारवायला, शेतात टाकायला पांढरीची माती नेण्याची पद्धत जुनी आहे. जेसीबी आल्यावर मात्र शेकडो वर्षांचे थर एका दुपारी निघून जाऊ शकतात. टेकाड संरक्षित असेल तर तेथे खोदकाम हा गुन्हा आहे. संरक्षित नसले तरीही १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून नाणे किंवा मूर्ती सापडली तर ती घरी नेऊ नका. जागा, खोली आणि दिशा लिहून ठेवा, फोटो काढा आणि तलाठ्यांमार्फत कळवा. जागेवेगळी झालेली वस्तू निम्मी माहिती गमावते.

१९९१ चा कायदा कुठे बसतो?

प्रार्थनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप कायम ठेवणारा १९९१ चा कायदा तरुणांच्या चर्चेत वारंवार येतो. पुरातत्त्व कायद्यांखाली येणाऱ्या प्राचीन स्मारकांना त्या कायद्यात सूट आहे. त्याचा अर्थ तेथे कोणीही काहीही बदलू शकतो असा होत नाही, कारण अशा वास्तूला संरक्षणाचा कायदा बांधून ठेवतोच. त्रिविक्रम मंदिरात आज पूजा होते आणि त्याच गावात संत गोरोबाकाकांच्या समाधीला वारकरी येतात. वास्तू जशी आहे तशी राहावी आणि तिचा बौद्ध इतिहास फलकावर स्पष्ट लिहिला जावा, ही मागणी गावातील कोणाच्याही श्रद्धेच्या आड येत नाही. ती गावाला सोबत घेऊन करता येते.

काम सुरू झालेले दिसले तर

- त्याच दिवशी तारखेसह फोटो आणि व्हिडिओ घ्या. कामगारांशी वाद घालू नका.
- पुरातत्त्व विभागाचे सहायक संचालक, तहसीलदार आणि ग्रामपंचायत यांना लेखी अर्ज द्या. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.
- काम थांबवून पंचनामा करण्याची स्पष्ट मागणी करा.
- शासकीय निधीचे काम असेल तर अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश आणि पुरातत्त्व विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पुढे ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.
- जतनाचे काम असेल तर चुना वापरणार की सिमेंट, हे विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढचे बरेच समजते.

नियम आपल्यालाही लागू

जुन्या लेण्यांत आणि स्तूपांच्या जागी उत्साहाने रंग देणे, नवी मूर्ती बसवणे, चौथरा बांधणे असे प्रकार आपल्याही हातून होतात. भावना कितीही खरी असली तरी कायद्याच्या दृष्टीने तो बदलच आहे. उद्या दुसऱ्या कोणाच्या गिलाव्यावर आपण हरकत घेऊ, तेव्हा आपल्या चौथऱ्याकडे बोट दाखवले जाईल. वंदना करा, परिसर झाडा, सहली न्या. बांधकाम मात्र परवानगीशिवाय नको.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील जुन्या वास्तूंची एक वही करावी. त्यात वास्तूचे नाव, गट क्रमांक, वरीलपैकी प्रकार, अधिसूचनेची प्रत आणि चारही बाजूंचे फोटो असावेत. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास ते फोटो नव्याने घ्यावेत. हरकत नोंदवण्याची वेळ येईल तेव्हा 'पूर्वी असे नव्हते' हे सांगायला तीच वही उपयोगी पडेल.